गेम एक, फोन तीन

मागच्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. चार पानांचे, बारीक अक्षरातले. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर तेवढा सांगतो. कारण असेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी तीन-चार वाचकांनी आम्हाला विचारले आहेत.

या भगिनीची मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाकटा मुलगा मराठी शाळेत पाचवीला. त्याला घरी दादी उर्दू शिकवतात. अक्षरे ओळखता येतात, पण शब्द लक्षात राहत नाहीत. म्हणून बहिणीने वहीत एक गेम आखला. स्क्रीनवर सोळा कार्डे पालथी. एका कार्डाखाली उर्दू लिपीतला शब्द, दुसऱ्याखाली त्याचा मराठी अर्थ. किताब आणि पुस्तक, कलम आणि लेखणी, दरवाजा आणि दार. जोडी जमली की कार्डे उघडी राहतात आणि शब्दाचा उच्चार ऐकू येतो. तो आवाज दादींचाच भरायचा, हेही ठरलेले.

अट एवढीच की गेम तीन ठिकाणी चालला पाहिजे. दादींच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, शाळेतल्या संगणकावर, आणि कुवेतला नोकरी करणाऱ्या अब्बांच्या आयफोनवर. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा अब्बांना लेकाबरोबर तो खेळायचा आहे.

मुलीने तालुक्याच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. उत्तर मिळाले, "युनिटी नाहीतर अनरिअल शिकल्याशिवाय गेम होत नाही." फी ४५ हजार. शिवाय ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप लागेल, तो ८५ हजारांच्या आत येत नाही. म्हणजे १ लाख ३० हजार. ही रक्कम अब्बांनी घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवली आहे. भगिनी लिहितात, "लेकीला नाही म्हणायचे जिवावर येते आणि हो म्हणायची भीती वाटते. तुम्ही सांगा."

सांगतो. पण आधी थोडे समजून घेऊ.

गेम बनवण्याच्या साधनाला 'इंजिन' म्हणतात. चित्र हलवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, आवाज वाजवणे ही कामे प्रत्येक गेममध्ये लागतात. ती दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून इंजिन. चांगल्या इंजिनमध्ये एकदा लिहिलेला गेम अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर या तिन्हींसाठी वेगवेगळा काढता येतो. एकच बेत, तीन मापांचे कुर्ते, असे समजा. मात्र प्रत्येक शिंपी प्रत्येक माप सारखेच चांगले शिवतो असे नाही. म्हणून सगळ्यांत मोठे इंजिन कोणते हे विचारण्याआधी आपले माप काय, हे पाहावे.

पहिला प्रश्न : गेम लोकांच्या हातात कसा पोहोचणार?

वाटा दोन आहेत, स्टोअरमधून किंवा लिंकवरून.

गुगल प्ले स्टोअरवर गेम ठेवायला विकासकाच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. वैयक्तिक खाते नवे असेल तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ॲपलच्या स्टोअरसाठी दरवर्षी ९९ डॉलर, आणि गेम तयार करताना ॲपलचाच मॅक संगणक लागतो. तो आपला नसेल तर भाड्याने किंवा ऑनलाइन सेवेतून घ्यावा लागतो. एका अब्बांच्या एका आयफोनसाठी हा खर्च कुणी करू नये.

लिंकची वाट सोपी आहे. ब्राउझरमध्ये चालणारा गेम इंटरनेटवर ठेवायचा आणि लिंक पाठवायची. इच डॉट आयओ यासारख्या ठिकाणी तो फुकट ठेवता येतो. अब्बा कुवेतमध्ये सफारीत लिंक उघडतील आणि हवे तर होम स्क्रीनवर जोडतील. दादी क्रोममध्ये उघडतील. शाळेच्या संगणकावर काहीही इन्स्टॉल करायला परवानगी मागावी लागणार नाही. गेममध्ये चूक सापडली तर एका जागी दुरुस्त केली की तिघांकडे दुरुस्त.

म्हणून या गेमचे माप ठरले : ब्राउझर पहिला, स्टोअर नंतर.

आता क्लासचा सल्ला या मापाला लावून पाहा. अनरिअल हे मोठे आणि सुंदर इंजिन आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' हा गेम त्याच इंजिनवर केला आणि जगभर पोहोचवला. पण ब्राउझरसाठी गेम काढण्याची सोय अनरिअलने मूळ इंजिनमधून काही वर्षांपूर्वीच काढून टाकली. म्हणजे या मुलीला जे हवे आहे तेच तिथे होत नाही. युनिटीतून ब्राउझरसाठी गेम निघतो; पण फोनवरच्या ब्राउझरला अधिकृत आधार मिळाला तो २०२४ च्या युनिटी ६ पासून, आणि सोळा कार्डांच्या गेमसाठीही बराच भार फोनवर उतरवावा लागतो. दादींच्या फोनचा विचार करा.

दुसरा प्रश्न : आपली अक्षरे नीट दिसतात का?

हा प्रश्न इंग्रजीतून गेम बनवणाऱ्यांना पडत नाही, म्हणून इंजिनांची तुलना करणारे तो सहसा घेतच नाहीत. आपल्या घरात मात्र तो पहिल्या दिवशी पडतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेसाठी म्हणींचा छोटा खेळ करायला घेतला होता. तीन आठवडे चित्रे काढली, आवाज भरले, गुण मोजायची सोय केली. संगणकावर चाचणीपुरते इंग्रजी शब्द टाकले होते. शेवटी मराठी मजकूर भरला आणि फोनवर 'विद्यार्थी' हा शब्द उघडला, तर पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसलेली, 'द्या' फुटलेला आणि रफार उतरून 'र'ला हलंत लागलेला. चूक साधनाची म्हणण्यापेक्षा आमची होती. जे सर्वांत आधी पाहायचे ते सर्वांत शेवटी पाहिले.

देवनागरीत जोडाक्षरे बनतात. उर्दूत अक्षरे एकमेकांत गुंततात आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. 'किताब' लिहिताना काफ, ते आणि अलिफ जोडून येतात आणि बे वेगळा राहतो. ही जुळणी करणारी व्यवस्था साधनात नसेल तर चारही अक्षरे सुटी पडतात, कधी उलट्या क्रमानेही येतात. जे मूल वाचायला शिकते आहे त्याच्यासमोर असा शब्द ठेवणे म्हणजे शिकलेले बिघडवणे.

तर वाचकांनो, कोणतेही साधन निवडण्याआधी ही पाच मिनिटांची परीक्षा घ्या. रिकाम्या स्क्रीनवर मराठीत 'विद्यार्थी' आणि उर्दू लिपीत 'किताब' लिहा. गेम फोनवर उघडा. दोन्ही शब्द घरातल्या मोठ्यांना दाखवा. दादी म्हणाल्या "बरोबर", तर पुढे जा.

या परीक्षेत आज काय निकाल लागतो? युनिटीमध्ये मजकुरासाठी सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा भाग अशी जुळणी स्वतःहून करत नाही; त्यासाठी वेगळी जोड लागते. गोडो नावाच्या इंजिनने २०२३ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून ही व्यवस्था आत घेतली आहे, देवनागरी आणि उर्दू दोन्हींसाठी. फेझर हे जावास्क्रिप्टमधले साधन साधा मजकूर ब्राउझरकडूनच लिहून घेते. आणि ब्राउझरला आपल्या दोन्ही लिप्या उत्तम येतात. फक्त फेझरमध्ये 'बिटमॅप फॉन्ट' वापरू नये, तिथे अक्षरे पुन्हा सुटी पडतात.

फॉन्ट गेमबरोबरच पाठवावा, समोरच्याच्या फोनवर असेल अशा भरवशावर राहू नये. देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि गेममध्ये घालायला परवानगी आहे. नस्तालीकच्या ओळी उंच असतात, म्हणून कार्डाला वर-खाली मोकळी जागा सोडावी.

तिसरा प्रश्न : साधन कुणाच्या मालकीचे?

भाड्याच्या घरात राहताना मालक कोण हे आपण पाहतो. इथेही पाहावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केले की ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेतले जाईल. ज्यांचे गेम वर्षानुवर्षे त्या इंजिनवर उभे होते ते हादरले. जगभरातून विरोध झाला. काही दिवसांत नियम सौम्य केले गेले, पुढच्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख पायउतार झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गेमवरचे ते शुल्क पूर्ण रद्द झाले. आज वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या आत असणाऱ्याला युनिटी फुकट वापरता येते. विद्यार्थ्याला त्यात काही अडचण नाही. अनरिअलही गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलरपर्यंत जाईतो हिस्सा मागत नाही. धडा इतकाच, की दुसऱ्याच्या जागेवर बांधताना करार वाचावा आणि तो बदलू शकतो हे मनात ठेवावे.

गोडो आणि फेझर ही दोन्ही साधने एमआयटी परवान्याखाली खुली आहेत. गोडो अर्जेंटिनाच्या दोन विकासकांनी सुरू केले आणि २०१४ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्यावर केलेल्या गेमच्या कमाईत कुणी हिस्सा मागत नाही, आणि आज हातात असलेली आवृत्ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही.

साधने मरतातही. आपल्यापैकी अनेकांनी सायबर कॅफेत फ्लॅशचे गेम खेळले असतील. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबला आणि हजारो गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. म्हणून चित्रे, आवाज, शब्दांच्या याद्या इंजिनच्या पोटात अडकवून ठेवू नयेत. साध्या फायलींत वेगळ्या ठेवाव्यात. इंजिन बदलले तरी दादींचा आवाज आणि शब्दांची यादी आपलीच राहील.

चौथा प्रश्न : घरात काय आहे?

त्या घरात ८ जीबी रॅमचा, चार वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. फेझरला त्याहून अधिक काही लागत नाही. एक ब्राउझर आणि कोड लिहायचा साधा संपादक पुरतो. अशा साध्या गेमसाठी गोडोही त्यावर चालेल. ते युनिटी किंवा अनरिअलच्या मानाने फार लहान डाउनलोड आहे. ज्या घरात लॅपटॉपच नाही, तिथल्या मुलांनी जीडेव्हलप पाहावे. ते ब्राउझरमध्ये उघडते, फोनवरही चालते, आणि कोड न लिहिता 'असे झाले तर तसे करा' या पद्धतीने गेम जुळवता येतो. कन्स्ट्रक्ट ३ हेही ब्राउझरमध्येच चालते, पण त्याच्या पूर्ण वापराला वर्गणी आहे.

कुणी गोडो घेतले तर एक खबरदारी. त्यात जीडीस्क्रिप्ट ही भाषा निवडावी. कॉलेजात पायथन शिकलेल्याला ती ओळखीची वाटते. गोडो ४ मध्ये सी शार्पने लिहिलेला गेम अजून ब्राउझरसाठी काढता येत नाही. तीन महिने काम करून मग हे कळले तर वाईट वाटेल.

आमचे उत्तर

भगिनी, आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. स्लॅबचे पैसे स्लॅबलाच राहू द्या. या गेमला ना तो लॅपटॉप लागतो, ना तो क्लास.

लेकीला सांगा, पहिल्या शनिवार-रविवारी फेझर उतरवून घे आणि अक्षरांची परीक्षा तिन्ही ठिकाणी घे. अब्बांना लिंक पाठव, फक्त दोन शब्दांची. दुसऱ्या आठवड्यात चार कार्डे. तिसऱ्या आठवड्यात सोळा कार्डे आणि गुण. चौथ्या आठवड्यात आवाज. इथे एक मेख आहे : फोनवरचे ब्राउझर माणसाने स्क्रीनला स्पर्श केल्याशिवाय आवाज वाजू देत नाहीत. म्हणून सुरुवातीला 'सुरू करा' असे मोठे बटण ठेवावे, म्हणजे पहिल्या स्पर्शाने आवाजाचे दार उघडते. आयफोनवर हे आवर्जून तपासावे.

फेझरच का? हा गेम शब्दांचा आहे, चित्रे साधी आहेत, ब्राउझर पहिला आहे आणि फोन जुना आहे. फेझरची मुख्य फाइल एक एमबीच्या आसपास असते, त्यामुळे लिंक लवकर उघडते. गोडोचा रिकामा गेमही ब्राउझरमध्ये त्याहून बराच जड असतो. उद्या प्ले स्टोअरवर जायचे ठरले तर कपॅसिटर नावाच्या साधनाने हाच ब्राउझरचा गेम अँड्रॉइड ॲपमध्ये बसवता येतो. पुढे तिला धावणारी पात्रे, अनेक पातळ्या, मोठे नकाशे असलेला गेम करायचा असेल तर गोडोकडे वळावे. आणि कधी एखाद्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर युनिटी किंवा अनरिअल शिकावेच लागेल, तेव्हा ते शिकण्याचा खर्च वाया जाणार नाही. क्लासचे म्हणणे नोकरीच्या वाटेला काही अंशी खरे आहे. या गेमला ते लागू नाही.

चुकीचे साधन निवडले तर सगळे संपले, असे लेकीला वाटू देऊ नका. लुका गलांते या विकासकाने 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' हा गेम फेझरमध्येच सुरू केला. २०२१ मध्ये तो आधी ब्राउझरमध्ये खेळता येत होता. लोकांना आवडला, वाढला, २०२३ मध्ये त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तो युनिटीवर नेला गेला, कारण आता गरज मोठी झाली होती. आधी मोठे इंजिन शिकत बसले असते तर कदाचित गेमच झाला नसता.

अब्बांचा प्रश्न

पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "तिचे अब्बा विचारतात, गेमच्या धंद्यात पोरगी सट्ट्याच्या बाजूला तर जाणार नाही ना?"

ही काळजी रास्त आहे. लुडोसारख्या घरगुती खेळावरही पैसे लावायला लावणारी ॲप्स निघाली, आणि त्यात कित्येक घरांनी पैसे गमावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तर शिकवणारे आणि करमणुकीचे खेळ वेगळे धरले आहेत. मुलीचा गेम दुसऱ्या गटातला आहे. त्यात पैसा लावायचा नाही आणि जिंकायचाही नाही. जिंकायचे ते शब्द.

पण पुढे कधी गेममध्ये जाहिराती घ्यायचे ठरले तर सावध राहावे. नको त्या प्रकारच्या जाहिराती रोखण्याची सोय जाहिरात सेवेच्या सेटिंगमध्ये असते, ती पहिल्या दिवशीच लावावी. मुलांसाठीच्या गेमला प्ले स्टोअरचे जाहिरातींचे वेगळे, कडक नियम आहेत, तेही वाचावेत. आमचे मत विचाराल तर घरच्या मुलांसाठी केलेल्या या गेममध्ये जाहिरात नसावीच. कमाईचा विचार दुसऱ्या गेमला करता येईल.

शेवटी एक विनंती. मुलगी दोन-तीन आठवडे रात्री लॅपटॉपसमोर बसेल. कधी कार्ड उलटणार नाही, कधी आवाज येणार नाही, कधी ती चिडेल. तेव्हा "एवढा वेळ काय करतेस" असे न विचारता, भाऊ आणि दादी यांना तिच्याजवळ बसवा. गेम तपासणारे याहून चांगले कोण मिळणार? भावाला एखादे कार्ड समजले नाही तर ते कार्ड बदलायचे. दादींचे बोट बटणावर नीट पडत नसेल तर बटण मोठे करायचे. स्टुडिओ याच कामासाठी माणसे पगारावर ठेवतात.

आणि कुवेतहून अब्बांचा निरोप आला की 'किताब' नीट दिसते, तर ती लिंक आम्हालाही पाठवा. आमच्या घरीही पाचवीत एक जण आहे, आणि त्याची उर्दूची वही गेल्या महिन्यापासून त्याच पानावर आहे.